भिकुअक्काची बिनमिठाची भाकर

शिंदखेड्याहून तापीकडं उतरताना आमचं गाव लागतं. गावाच्या वरच्या अंगाला, पाण्याच्या टाकीपाशी, पाच-सहा घरं ख्रिस्ती आहेत. माणसं आमच्यासारखीच, कापूस-बाजरीची. त्यांच्या घरात देव्हारा नाही, एवढाच काय तो फरक. बाकी शिव्या, भाजी आणि भांडणं सगळी सारखीच.

त्यांचं प्रार्थनाघर म्हणजे पत्र्याची एक खोली, चुना मारलेली. दारातल्या निंबाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा तारेनं टांगलेला आहे. रविवारी त्याच्यावर सळई हाणली की आवाज पार नाल्यापलीकडं जातो. आमची आई त्या आवाजावर डाळ चुलीवर चढवायची. "जीवरामनी ठोकं, आते डाय टाकानी," म्हणायची. घड्याळ घरात होतं, पण ते जीवरामइतकं खरं नव्हतं.

त्या जीवरामची बायको भिकुअक्का. तिच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं हिचं नाव भिकु ठेवलं, दृष्ट लागू नये म्हणून. नावाचा गुण आला. अक्का आता साठीच्या पुढं आहे आणि अजून कापसाचं गाठोडं एका हिसक्यात डोक्यावर घेते. बुटकी, रुंद, आवाज हाळी दिल्यासारखा. मशेरी लावते. पाळक येणार म्हटलं की मशेरीची डबी पिठाच्या डब्यामागं जाते. ती कुठं असते हे पाळकांना माहीत आहे, आणि त्यांना माहीत आहे हे अक्काला माहीत आहे.

पाळक म्हणजे प्रेमराजभाऊ. शिरपूरहून मोटारसायकलीवर येतात. त्यांच्याकडं अशी बरीच गावं, त्यामुळं आमच्याकडं महिन्याचा पहिला रविवार. त्या दिवशी प्रभुभोजन असतं. पाळक प्रार्थना करून भाकर मोडतात, तिचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट सगळ्यांना मिळतो. शहरातल्या चर्चमध्ये म्हणे कागदासारख्या पातळ चकत्या पाकिटातून येतात. प्रेमराजभाऊंनी एकदा तसं पाकीट आणलं होतं. अक्कानं एक चकती उजेडात धरून पाहिली आणि परत दिली. "पाळकभाऊ, ह्या पापड्या पोऱ्यांना खेयाले द्या."

कारण ती भाकर करायचं काम अक्काचं. तिच्या सासूचं होतं, ते तिच्याकडं आलं. गहू ती स्वतः निवडते. गिरणीत आधीच्या माणसाची मिरची मिसळते म्हणून जात्यावर दळते. शनिवारी संध्याकाळी डोक्यावरून अंघोळ, मग खुंटीवरचा छोटा तवा उतरवायचा. त्या तव्यावर दुसरं काही होत नाही. पिठात मीठ नाही, तेल नाही. मीठ का नाही ते सासूनं सांगितलं नव्हतं, अक्कानं विचारलं नव्हतं. भाकरीवर काळा डाग पडला तर ती घरात खायची आणि दुसरी थापायची.

आणि रस करायचं काम सुमनबाईचं. ही अक्काची देराणी, म्हणजे जीवरामच्या चुलत भावाची बायको. नवरा मागंच गेला, मुलगा-सून जवळ आहेत. प्रार्थनाघराला लागूनच तिचं घर. द्राक्षं आमच्याकडं बारा महिने कुठून मिळणार? ती मनुका रात्रभर भिजत घालते, सकाळी कुस्करते, फडक्यातून गाळते. भाकर एका घरची, रस दुसऱ्या घरचा. असं वर्षानुवर्षं चाललं होतं, आणि दोघी एकमेकींच्या कामाला नावं ठेवत सुखात होत्या.

मग ते कापूस वेचणीच्या दिवसांत घडलं.

त्यासाठी जीवरामचं मागचं सांगायला हवं. तरुणपणी तो पट्टीचा पिणारा. बांधावर, नाल्यात, एकदा तर लग्नाच्या मांडवात नवरदेवाच्या गादीवर आडवा सापडला होता. पुढं कधीतरी सुटली. कशी सुटली ते तो सांगायचा नाही. "उपासना व्हयनी आनि घर उनू, जाताना घसाले कोरड व्हती, येताना नव्हती," एवढंच. तेव्हापासून रूळ ठोकायचं काम त्यानं मागून घेतलं आणि एक रविवार चुकवला नाही.

त्या दिवशी दुपारी तो शेतातून घरी निघाला आणि वाटेत बांधाच्या कडेला पडला. सुमनबाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन तिकडूनच येत होती. तिनं पाहिलं. हाक मारली. तो नुसता घशातल्या घशात काहीतरी बोलला, पिणाऱ्यासारखं. तिला वाटलं, गेला हा परत जुन्या वाटेला. आता मंडळीत बोभाटा होणार, पाळकांच्या कानावर जाणार, एवढ्या वर्षांची कमाई मातीत. तिनं एरंडाची फांदी मोडून त्याच्या तोंडावर सावलीला ठेवली, आणि कुणाला काही न सांगता घरी गेली. उतरली की उठून येईल, कुणाला कळायचं नाही.

दारू नव्हतीच. लकवा होता. दिवस मावळताना अक्का शोधत गेली तेव्हा सापडला. धुळ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, लवकर आणलं असतं तर बरंच वाचलं असतं. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

सुमनबाईनं लपवलं नाही. दवाखान्यातून जीवरामला घरी आणलं त्याच दिवशी ती आली आणि उंबऱ्यातच बसली. "अक्का, मी दखेल व्हतं त्याले. माले वाटनं, परत ढोसी उना. घरनी अब्रू जाई म्हनीसन कोनले सांगं नई."

अक्कानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अब्रू झाकी लिधी तू, आनि मानूस उघडा टाकी दिन्हा." आणि दार लावलं.

तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

जीवरामच्या तोंडात एकच शब्द उरला होता, "चाल." बैलाला म्हणायचा तो. पाणी हवं तर चाल, कूस बदलायची तर चाल, भाजी आवडली नाही तरी चाल. अक्काला सगळे चाल वेगवेगळे कळायचे. प्रार्थनाघरात सगळे आमेन म्हणायचे तेव्हा हा मागून मोठ्यानं म्हणायचा, "चाल!" पोरं खुसखुसायची. प्रेमराजभाऊ एकदा म्हणाले, "हसू नका रे. अर्थ तोच आहे, याचा जरा घाईचा आहे."

अक्कानं त्याचं सगळं केलं. हगणं-मुतणं, अंघोळ, भरवणं. शेत बटाईनं दिलं. मुलगा चंदन सुरतेला कामाला. तो येऊन गेला, चल म्हणाला, ही गेली नाही. "तठे खोलीमा याले कोठे ठेवू? आनि रविवारले याले रूळना आवाज कोठे ऐकाडू?"

आता तिला बळ कुठून यायचं ते आमच्यासारख्या शेजाऱ्यांनी ऐकलं आहे, कारण अक्काची प्रार्थना मनातल्या मनात होतच नाही. दिवेलागणीला ती खाटेच्या पायथ्याशी बसते, डोक्यावर पदर घेते आणि सुरू करते. पाळक प्रार्थना करतात ती पुस्तकी मराठीत, छान असते. अक्काची आपल्या बोलीत. "प्रभू, तुले बठ्ठं दखास, मी काय नवं सांगू? आज यानी दोन घास जास्त खादात, तेवढं ध्यानमा ठेव. पाठ लाल व्हयेल शे, तिले काही कर. मन्ही कंबर राहू दे, तिन्हं मंग दखसूत. सकाय माले उठाडजो, मी याले उठाडसु." भिंतीपलीकडच्या भावाशी बोलावं तसं. मग एखादं गाणं, निम्मे शब्द विसरलेले. जीवरामचा डावा हात खाटेच्या काठावर ताल धरायचा, आणि तो ताल बरोबर असायचा. अक्का चुकायची. मग हसायची. इतकं झालं की ती झोपायची, आणि झोप लागायची.

रविवारी ती त्याला घेऊन जायची. प्रेमराजभाऊंनी शिरपूरहून चाकाची खुर्ची आणून दिली होती. अक्का तिला गाडं म्हणते. निंबाखाली गाडं लावून ती त्याच्या डाव्या हातात सळई द्यायची. आवाज पूर्वीसारखा खणखणीत नव्हता, पण आईची डाळ चुकली नाही.

सगळं होतं, फक्त एक नव्हतं. प्रभुभोजनाआधी पाळक विचारतात, कुणाच्या मनात कुणाबद्दल अढी असेल तर आधी ती सोडा, मग या. तसा त्यांचा नियमच आहे. बाकीचे मान खाली घालून बसतात, अढी असली तरी. अक्का उठायची. गाडं ढकलत बाहेर निंबाखाली जायची आणि आत तिचीच भाकर मोडली जायची. नाताळ असा गेला. गुड फ्रायडे असा गेला. ईस्टरलाही ती निंबाखालीच.

पूर्वी तो तुकडा तोंडात गेला की तिला महिनाभर पुरायचा. आता बळ रोजच लागत होतं, आणि आताच तो मिळत नव्हता. एकदा आईला म्हणाली, "बाई, विहीर मन्ही, दोर मन्हा, आनि तीस मन्हीच जास नई." तीस म्हणजे तहान.

प्रेमराजभाऊ घरी आले, चहा घेतला, डबीकडं पाहिलं नाही. म्हणाले, "अक्का, सगळ्यांना वाढून तुम्ही उपाशी किती दिवस राहणार?"

"भाकर करानं काम मन्हं शे. खावानं मन्हामा आनि प्रभूमा शे."

"एकदा सुमनबाईकडं जा."

"मन्हा घरवाला बांधवर पडेल व्हता तवय ती गयी का?"

पाळकांनी कप खाली ठेवला. "तुम्ही बाहेर जाता म्हणून तुम्हाला दिसत नाही. ताट तिच्यापुढं आलं की ती पुढं सरकवते. तीसुद्धा घेत नाही."

अक्का चुलीत फुंकर घालत राहिली. मग तुटक म्हणाली, "कसाले? तिले काय व्हयनं?"

"ते तुम्ही विचारा."

तिनं विचारलं नाही. पण सुमनबाईची सून कोकिळा दोन्ही घरांत ये-जा करायची, तिला पकडलं. "तुन्ही सासू जेवस का नीट?"

"त्या बी तुम्हनं हाईच इचारतीस."

"मंग तिले तोंड नई का?"

"शे ना. पन तुम्हले कान नईत, आसं म्हनतीस त्या."

अक्कानं तिला लाटणं दाखवलं.

ईस्टरनंतरच्या महिन्याचा पहिला रविवार आला. आमच्याकडं तेव्हा ऊन असं असतं की सकाळी दहाला पत्रा हात लावू देत नाही. अक्कानं भाकर पांढऱ्या फडक्यात बांधून जीवरामच्या मांडीवर ठेवली आणि गाडं बाहेर काढलं. आधीच उशीर झाला होता, रूळ अजून ठोकायचा होता. पुढं जे झालं ते मला सुमनबाईनं सांगितलं, तिनं ते मागाहून अक्काकडून ऐकलं होतं, आणि थोडं भटूनं. भटूचं अर्धंच धरायचं.

भटू आमच्या गावचा पिणारा. जीवराम निवृत्त झाल्यावर गादी त्यानं चालवली. टाकीच्या वळणावर तो रस्त्याच्या कडेला पालथा पडलेला, भर उन्हात, एक चप्पल पायात, एक कुठं तरी. अक्कानं पाहिलं. नाकाला पदर लावला आणि गाडं त्याला वळसा घालून पुढं काढलं.

दहा-पंधरा पावलं गेली असेल. गाडं एकदम जागच्या जागी फिरलं. जीवरामनं डाव्या हातानं चाक धरलं होतं. धुळीत चाक घासत होतं, त्याचा पंजा सोलवटत होता, पण सोडेना. तोंडानं मात्र ओरडत होता, "चाल! चाल!"

"सोडा ना! हात कापाई जाई! उशीर व्हई ऱ्हायना, तो पेयेल शे, रोजना शे त्याना!"

"चाल!" म्हणाला जीवराम, आणि चाक आणखी घट्ट धरलं. मान मागं भटूकडं वळवलेली.

अक्का गाड्याला धरून उभी राहिली. आपण आत्ता काय बोललो ते तिला ऐकू आलं असावं. मग ती मागं आली, भटूला बगलेत धरून बाभळीच्या सावलीत ओढलं, आणि त्याच्या छातीला कान लावला.

भटूनं एक डोळा उघडला. "कोन शे? मी पेयेल शे काकी, मरेल नई."

"मरना नई तं नशीब तुन्हं! उनमा कसाले पडना?"

"जागा दखीसन थोडाच पडस मानूस?" भटू उठून बसला, बाभळीला टेकला. "खावाले काय शे? कालपाईन पोटमा बाटलीच शे नुसती."

"आठे काही नई," अक्का म्हणाली.

जीवरामनं मांडीवरचं फडकं डाव्या हातानं उचललं आणि भटूपुढं धरलं.

अक्का पुढं झाली, थांबली. भटूनं गाठ सोडली. भाकर पाहिली. "भाजी?" म्हणाला. मग कोरडीच खाल्ली, सगळी. आणि म्हणाला, "काकी, मीठ इसरनी तू."

त्या रविवारी रूळ वाजलाच नाही. आमची डाळ कच्ची राहिली.

प्रार्थनाघरात तोपर्यंत दोन गाणी होऊन गेली होती. टेबलावर पांढरं कापड, त्यावर सुमनबाईचा झाकलेला लोटा, आणि रिकामं ताट. अक्का दारात आली. पदर घामानं डोक्याला चिकटलेला, जीवरामच्या पंजाला फडकं गुंडाळलेलं. तेच भाकरीचं.

"भाकर कुठं, अक्का?" प्रेमराजभाऊंनी विचारलं.

"भटूनी खाई टाकी."

आधी कुणाला खरंच वाटेना. मग रुपचंद आबा, मंडळीतले सगळ्यांत म्हातारे, कानाला हात लावून म्हणाले, "कोन भटू? दारूड्या भटू? प्रभुभोजननी भाकर?"

"बठ्ठी खादी. वरतीन पानी मांगं."

एकच गलका झाला. पाळकांनी हात वर केला. "राहू द्या आबा. प्रार्थना झाली नव्हती. भुकेलेल्या माणसानं भाकर खाल्ली, एवढंच झालं. बसा अक्का."

अक्का बसली नाही.

"आखो एक शे," म्हणाली. हा तिचा नेहमीचा आवाज नव्हता, पुढच्यांना कान द्यावा लागला. "मी त्याले दखं, आनि पुढे निघी गऊ. मनमा उनं, पेयेल व्हई, पडू दे. दखीसन निघी गऊ मी. यानी चाक धरं म्हनीसन थांबनू. नईतर मी गयथूच."

ती कुणाकडं बघून बोलत नव्हती. बाकी सगळे मात्र सुमनबाईकडं बघत होते.

सुमनबाई उठली. पदर तोंडाला लावला आणि बाहेर गेली. कोकिळा मागून "आत्या, आत्या" करत उठायला लागली. सगळ्यांना वाटलं, आता ही बाई या दारात परत यायची नाही.

ती आली. हातात जर्मनची परात, तिच्यात सकाळच्या दोन भाकरी. तिनं परात टेबलापाशी आणली आणि पाळकांना नाही, अक्काला म्हणाली, "कळनानी शे. मीठ शे तिन्हामा. घरमा दुसरं काही नई."

कळण्याची भाकर म्हणजे आमचं रोजचं अन्न. ज्वारी, तिच्यात उडीद, आणि दळतानाच मीठ. रंगानं काळपट. ठेच्याबरोबर तिच्यासारखं दुसरं काही नाही, पण त्या पांढऱ्या कापडावर तिला कोणी कधी पाहिलं नव्हतं.

"आसं कसं जमई?" रुपचंद आबा म्हणाले. "बिनमीठनी जोयजे. पहिलापाईन शे."

प्रेमराजभाऊ बोलू शकले असते. पण तेही अक्काकडं बघत राहिले. त्या मंडळीत भाकरीच्या बाबतीत तिच्यावर कोणी नव्हतं, पाळकसुद्धा नाही.

अक्कानं एक भाकर उचलली. उलटी केली. बोटानं खालचा डाग खरवडून पाहिला. वास घेतला. सुमनबाई परात धरून उभी होती.

"काया डाग शे," अक्का म्हणाली. मग ती भाकर तिनं स्वतः ताटात ठेवली. "मांडा, पाळकभाऊ."

आणि बायकांच्या सतरंजीवर सुमनबाईच्या शेजारी जाऊन बसली. जागा तिथंच होती.

पाळकांनी नेहमीसारखं विचारलं, कुणाच्या मनात अढी असेल तर. मान वर न करता अक्का बसून राहिली. भाकर मोडली. कळण्याची भाकर शांतपणे मोडत नाही, कडकन आवाज झाला. ताट फिरत आलं. सुमनबाईनं या वेळी पुढं सरकवलं नाही. अक्कानं तुकडा घेतला, डोळे मिटले, आणि बराच वेळ चावत राहिली. तिचे दात निम्मेच, भाकर सकाळची. मग रस आला. तोही प्यायली. मग उठून एक तुकडा जीवरामच्या तोंडात घातला, त्याची हनुवटी पुसली, परत येऊन बसली.

शेवटची प्रार्थना चालू असताना तिनं डोळे मिटलेलेच ठेवून कोपरानं शेजारी ढोसलं.

"मीठ जास्त पडनं."

सुमनबाईनंही डोळे उघडले नाहीत. "कापूस येचानापाईन बोलनी नई, आनि बोलनी तं मीठवर?"

"जास्त शे तं जास्तच म्हनसू."

"आनि मन्हा रस?"

"पानचट."

सुमनबाईचे खांदे हलायला लागले. ती हसत होती की रडत होती, हे तिलाही सांगता आलं नाही, मी विचारलं तेव्हा. पाळकांनी प्रार्थना जरा मोठ्या आवाजात संपवली. सगळे आमेन म्हणाले.

"चाल!" म्हणाला जीवराम.

घरी जाताना परातीतली दुसरी भाकर अक्कानं सुमनबाईकडच्या फडक्यात बांधून त्याच्या मांडीवर ठेवली. वळणाअलीकडं वाळू आहे, तिथं गाडं रुततं. दर रविवारी ती एकटी झटत असे. आज सुमनबाईनं पुढून ओढलं, हिनं मागून ढकललं, आणि गाडं कसं ओढावं यावरून दोघींचं वळणापर्यंत भांडण झालं. भटू बाभळीखालीच होता, सावली सरकली तसा तोही सरकलेला. जीवरामनं फडकं त्याच्यापुढं धरलं.

भटूनं गाठ सोडून एक तुकडा चाखला. "हा, हिन्हामा मीठ शे. पन सोबत ठेचा नई का?"

सुमनबाईनं त्याला कागदावर लिहिता येणार नाही अशी एक शिवी दिली, आणि ठेचा आणायला घराकडं वळली.